तीनदा फुटलेला मजूर पक्ष आणि ‘ट्रोव्ह’ची परीक्षा

‘ट्रोव्ह’ ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची मोफत ऑनलाइन सेवा आहे. देशभरातील ग्रंथालयांच्या सूची, छायाचित्रे, नकाशे, रोजनिश्या, नियतकालिके आणि मुख्य म्हणजे जुनी वृत्तपत्रे यांत एकाच शोधखिडकीतून शोध घेता यावा, या हेतूने ती 2009 साली सुरू झाली. तिची शिफारस बहुधा आपल्या पणजोबांचे नाव शोधू पाहणाऱ्यांना केली जाते. माझे पणजोबा या देशात कधी आले नव्हते, त्यामुळे मी या सेवेची परीक्षा वेगळ्या विषयावर घेतली. ऑस्ट्रेलियाचा मजूर पक्ष 1916, 1931 आणि 1955 असा तीनदा फुटला. या तिन्ही फाटाफुटी केवळ ‘ट्रोव्ह’च्या आधारे, म्हणजे त्या त्या आठवड्याच्या वृत्तपत्रांतून, कितपत समजून घेता येतात, हा माझा प्रश्न होता, आणि त्यातील तिसरीचेच परिणाम पुढे पिढ्यान्‌पिढ्या का टिकले, याचे उत्तर तिथे सापडते का, हा त्याला जोडलेला उपप्रश्न होता.

परीक्षेसाठी मी एकच मतदारसंघ निवडला. मेलबर्न शहराच्या मध्यभागाला पूर्वेकडून लागून असलेले रिचमंड हे उपनगर आज व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या व्हिएतनामी खाणावळींसाठी ओळखले जाते. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कारखान्यांचे, एकमेकांना चिकटून बांधलेल्या लहान घरांचे आणि आयरिश वंशाच्या कॅथलिक कामगारांचे उपनगर होते. संघराज्याच्या संसदेत या भागाचे प्रतिनिधित्व करणारा ‘यारा’ हा मतदारसंघ 1901 ते 1969 या काळात अस्तित्वात होता आणि त्या अडुसष्ट वर्षांत त्याला केवळ चार खासदार लाभले. पहिले फ्रँक ट्यूडर, ज्यांना 1916 च्या फुटीनंतर उरलेल्या पक्षाचे नेतृत्व करावे लागले. दुसरे जेम्स स्कलिन, ज्यांचे पंतप्रधानपद 1931 च्या फुटीत गेले. तिसरे स्टॅन केऑन, जे 1955 मध्ये स्वतःच पक्षाबाहेर पडले आणि चौथे जिम केर्न्स, ज्यांनी त्यांना हरवले. तिन्ही वेळा पक्षाला पडलेली चीर याच एका जागेतून गेली आहे. ‘यारा’ आणि या चौघांची आडनावे एवढ्या सामग्रीवर शोध सुरू करता येतो, ही या निवडीची व्यावहारिक सोय.

पहिली फूट समजून घेण्यासाठी ‘ट्रोव्ह’इतकी चांगली जागा दुसरी नसावी. 1915 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झालेले बिली ह्यूज यांनी पहिल्या महायुद्धासाठी सक्तीची सैन्यभरती करण्याचा आग्रह धरला, पक्षाचा मोठा भाग त्याच्या विरोधात होता आणि 28 ऑक्टोबर 1916 रोजी जनमत घेण्यात आले. बाजूने 10,87,557 आणि विरोधात 11,60,033 मते पडली. त्याआधीच न्यू साउथ वेल्स शाखेने ह्यूज यांची पक्षातून हकालपट्टी केली होती; 14 नोव्हेंबरला संसदीय पक्षाच्या बैठकीत, जे आपल्याशी सहमत असतील त्यांनी आपल्यामागे यावे अशा आशयाचे शब्द उच्चारून ते दोन डझनांच्या आसपास सहकाऱ्यांसह बाहेर पडले. या घटनाक्रमाच्या चार ओळी कोणत्याही संदर्भग्रंथात मिळतात. ‘ट्रोव्ह’मध्ये त्यापलीकडचे मिळते, ते असे की तारखांची मर्यादा सप्टेंबर ते डिसेंबर 1916 अशी घालून एकाच दिवसाची चार वृत्तपत्रे शेजारी शेजारी उघडता येतात. मेलबर्नचे ‘आर्गस’ हे पुराणमतवादी आणि सक्तीचे समर्थक. ‘लेबर कॉल’ हे तिथल्याच मजूर पक्षाचे साप्ताहिक. सिडनीचे ‘ऑस्ट्रेलियन वर्कर’, ज्याचे संपादक हेन्री बूट यांच्यावर सक्तीविरोधी लेखनामुळे खटले भरले गेले. आणि मेलबर्नच्या कॅथलिकांचे ‘ॲडव्होकेट’. एकाच सभेचे वृत्त या चौघांत वाचले की गर्दी किती होती, घोषणा कोणत्या होत्या आणि गोंधळ कोणी घातला, यांतील एकाही मुद्द्यावर त्यांचे एकमत नसते.

फ्रँक ट्यूडर यांचा प्रवास इथेच उलगडतो. फेल्टच्या टोप्या बनवणारा हा कामगार आणि कामगार संघटनेचा पदाधिकारी ह्यूज यांच्या मंत्रिमंडळात व्यापार व सीमाशुल्क खात्याचा मंत्री होता आणि सक्तीच्या प्रश्नावर त्याने 1916 च्या सप्टेंबरच्या मध्यालाच राजीनामा दिला. फूट पडल्यानंतर नेतेपद त्याच्याकडे आले, तेव्हा त्याच्या वाट्याला पराभवाखेरीज फारसे काही येणार नव्हते. 5 मे 1917 च्या निवडणुकीत ह्यूज यांच्या नव्या नॅशनलिस्ट पक्षाने 75 पैकी 53 जागा जिंकल्या आणि मजूर पक्षाकडे 22 उरल्या. याच काळाच्या शोधात आणखी एक नाव वारंवार समोर येते, ते म्हणजे डॅनियल मॅनिक्स. आयर्लंडहून 1913 साली मेलबर्नला आलेले हे धर्मगुरू सक्तीच्या विरोधातील सर्वांत गाजलेल्या आवाजांपैकी एक होते आणि 1917 मध्ये ते मेलबर्नचे आर्चबिशप झाले. त्यांच्या आडनावाचा शोध ‘ॲडव्होकेट’पुरता मर्यादित ठेवून पाने चाळत जावे, असे मी वाचकांना आवर्जून सुचवीन, कारण जवळपास चार दशकांनंतरच्या तिसऱ्या फुटीतही हेच आर्चबिशप आहेत, फक्त या वेळी ते पक्षातून बाहेर पडणाऱ्यांच्या पाठीशी आहेत.

पहिल्या फुटीने पक्षाचे संस्थापकच हिरावून नेले. ह्यूज गेले, न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, विल्यम होल्मन गेले, आणि 1904 साली जगातील पहिले राष्ट्रीय मजूर सरकार बनवणारे ख्रिस वॉटसनही त्याच बाजूला गेले. उरलेल्या पक्षात कॅथलिकांचे आणि कामगार संघटनांचे वजन साहजिकच वाढले. तरीही एक गोष्ट पक्षाच्या पथ्यावर पडली. ह्यूज यांचा ‘नॅशनल लेबर’ गट काही महिन्यांतच जुन्या विरोधकांत विलीन झाला, त्यामुळे मतपत्रिकेवर ‘मजूर’ हे नाव सांगणारा दुसरा दावेदार उरला नाही. घाव खोल होता. पण घर सोडून गेलेला माणूस शेजारीच बिऱ्हाड थाटून बसला नाही. गट-तट आणि ‘खरा पक्ष कोणाचा’ हा वाद महाराष्ट्रातील वाचकांना नवा नसल्यामुळे या मुद्द्याचे महत्त्व त्यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

इथे शोधाच्या एका बारकाव्याचा उल्लेख करायला हवा. मराठीत आपण ‘मजूर’ किंवा ‘लेबर’ लिहून मोकळे होतो, परंतु इंग्रजीत या शब्दाची दोन स्पेलिंगे आहेत. पक्षाने 1912 साली अमेरिकन वळणाचे, ‘यू’ नसलेले स्पेलिंग स्वीकारले, मात्र अनेक वृत्तपत्रे त्यानंतरही दीर्घकाळ ‘यू’ घालूनच लिहीत राहिली. म्हणून दोन्ही स्पेलिंगे देऊन शोध घेतला नाही, तर निम्मा पुरावा हातचा जातो. शोधाचे निकाल राज्य, वृत्तपत्राचे नाव, दशक आणि मजकुराचा प्रकार यांनुसार गाळून घेता येतात. त्यांतील ‘जाहिरात’ हा प्रकार बहुतेक जण वगळतात. माझ्या मते राजकारणाच्या अभ्यासकाने तो मुद्दाम ठेवावा, कारण निवडणुकीच्या जाहिरातीत पक्ष आपल्या विरोधकाला कोणत्या नावाने हाक मारतो हे जितके स्पष्ट दिसते, तितके ते बातमीत दिसत नाही.

दुसरी फूट महामंदीतली आहे. 12 ऑक्टोबर 1929 च्या निवडणुकीत स्कलिन यांनी 46 जागा जिंकून मजूर पक्षाला तेरा वर्षांनी सत्तेवर आणले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. पुढे पक्ष दोन्ही बाजूंनी चिरला गेला. उजवीकडून जोसेफ लायन्स बाहेर पडले आणि नव्याने स्थापन झालेल्या युनायटेड ऑस्ट्रेलिया पक्षाचे नेते झाले. डावीकडून न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर जॅक लँग यांनी ब्रिटिश सावकारांना द्यायचे व्याज थांबवावे आणि देशांतर्गत कर्जावरील व्याज 3 टक्क्यांवर आणावे, अशी योजना फेब्रुवारी 1931 मध्ये मांडून केंद्रातील स्वपक्षीय सरकारलाच आव्हान दिले. लँग यांचे संसदेतील पाठीराखे जॅक बीझली यांच्या नेतृत्वाखाली वेगळे बसू लागले आणि त्यांनीच नोव्हेंबर 1931 मध्ये विरोधकांसह मतदान करून स्कलिन सरकार पाडले. बीझली यांना त्यानंतर ‘स्टॅबर जॅक’, म्हणजे सुरा खुपसणारा जॅक, हे टोपणनाव चिकटले. 19 डिसेंबरच्या निवडणुकीत 46 जागांचा पक्ष 14 जागांवर आला आणि अर्थमंत्री टेड थिओडोर यांना त्यांच्याच मतदारसंघात लँग गटाच्या उमेदवाराने हरवले.

या प्रकरणासाठी ‘ट्रोव्ह’वर दोन मुखपत्रे समोरासमोर ठेवता येतात: लँग यांची बाजू लढवणारे सिडनीचे ‘लेबर डेली’ आणि ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनचे ‘ऑस्ट्रेलियन वर्कर’, जे लँग यांचे कट्टर विरोधक होते. दोन्ही कामगारांच्या पैशावर चालणारी, दोन्ही भांडवलदारांना शिव्या देणारी, आणि दोन्हींची सर्वांत तिखट भाषा राखून ठेवलेली ती एकमेकांसाठी. मी हे अंक सलग वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की बातमीच्या स्तंभात ‘मजूर पक्ष’ हा शब्द दोन्ही वृत्तपत्रांत फक्त आपल्या बाजूसाठी वापरलेला असतो. दुसऱ्या बाजूला नेत्याच्या नावाने ओळखले जाते, जणू तो पक्ष नसून त्या माणसाचा गोतावळा आहे.

परंतु ही फूट भरून निघाली. 1936 मध्ये लँग गट मूळ पक्षात परतला. नंतर 1940 च्या सुमारास न्यू साउथ वेल्समध्ये पुन्हा तडे गेले खरे, पण जॉन कर्टिन 1941 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या मंत्रिमंडळात, दहा वर्षांपूर्वी स्वपक्षाचेच सरकार पाडणारे बीझली बसलेले होते. आणि त्या सरकारला पडद्याआडून सल्ला देणारा जाणता माणूस होता तो साधा खासदार म्हणून संसदेत उरलेला यारा मतदारसंघाचा जेम्स स्कलिन. स्कलिन यांनी मनात काय ठेवले असेल ते असो, पक्षाला हे शक्य झाले, कारण भांडण मुख्यतः एका राज्यातले, एका नेत्याभोवतीचे आणि पैशाच्या धोरणाविषयीचे होते. मंदी ओसरली, तसा वादाचा विषयही ओसरला.

तिसऱ्या फुटीपाशी मात्र ‘ट्रोव्ह’ची सर्वांत मोठी मर्यादा उभी राहते, आणि योगायोग असा की ती मर्यादा नेमकी त्याच वर्षांवर येते. स्वामित्वहक्काच्या कायद्यामुळे बहुसंख्य वृत्तपत्रांचे अंक 1954 अखेरपर्यंतच उपलब्ध आहेत. मेलबर्नचे ‘एज’, ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’, ब्रिस्बेनचे ‘कुरिअर-मेल’, तसेच ‘ॲडव्होकेट’ हे सर्व तिथेच थांबतात. ‘लेबर कॉल’ तर 1953 मध्येच संपते. पक्षनेते हर्बर्ट एव्हॅट यांनी आपल्याच पक्षातील, विशेषतः व्हिक्टोरियातील एका गटावर निष्ठाहीनतेचा जाहीर आरोप केला तो दिवस होता 5 ऑक्टोबर 1954. म्हणजे नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा प्रेक्षागृहाचे दिवे आहेत, आणि पहिला अंक रंगात येताच ते एकेक करून मालवतात.

या फुटीची मुळे दशकभर मागची आहेत. कामगार संघटनांवर कम्युनिस्टांचा ताबा वाढतो आहे, या चिंतेतून बी. ए. सांतामारिया या तरुण कॅथलिक कार्यकर्त्याने 1940 च्या दशकाच्या आरंभी मॅनिक्स यांच्या आशीर्वादाने एक गुप्त संघटना उभारली, जिला पुढे नुसते ‘मूव्हमेंट’ म्हटले गेले. त्याच हेतूने 1945 पासून मजूर पक्षाने स्वतःच संघटनांमध्ये ‘इंडस्ट्रियल ग्रूप’ स्थापन केले आणि दोहोंची माणसे हळूहळू एकमेकांत मिसळली. एप्रिल 1954 मध्ये सोव्हिएत वकिलातीतील गुप्तहेर व्लादिमिर पेत्रोव्ह यांनी आश्रय मागितला, 29 मे ची निवडणूक मजूर पक्षाने अधिक मते मिळवूनही गमावली, आणि पराभूत एव्हॅट यांनी आपल्याच घरात दोषी शोधले. मार्च 1955 मध्ये होबार्ट येथील अधिवेशनात व्हिक्टोरियाच्या जुन्या कार्यकारिणीला डावलून नव्या कार्यकारिणीचे प्रतिनिधी बसवण्यात आले. जुन्या कार्यकारिणीच्या बाजूचे सात खासदार वेगळे झाले. यारा मतदारसंघाचे स्टॅन केऑन, रिचमंडमध्येच वाढलेले आणि कडवे कम्युनिस्टविरोधी, त्या सातांपैकी एक होते.

दिवे मालवतात असे म्हटले, तरी दोन कंदील तेवत राहतात, आणि माझ्या मते ‘ट्रोव्ह’चा जाणकार वापर म्हणजे हे दोन कंदील माहीत असणे. पहिला ‘आर्गस’. हे दैनिक जानेवारी 1957 मध्ये बंद पडले आणि त्याचे अंक अगदी शेवटच्या दिवसापर्यंत उपलब्ध आहेत. 1916 मध्ये मजूर पक्षाला धारेवर धरणारे हेच ‘आर्गस’ 1949 नंतर मालकी बदलल्यामुळे त्याच पक्षाकडे झुकलेले होते, हे ध्यानात ठेवून ते वाचावे लागते. 19 एप्रिल 1955 च्या रात्री व्हिक्टोरियाच्या विधानसभेत जॉन केन यांच्या मजूर सरकारविरुद्ध अविश्वास ठरावावर चर्चा झाली, पहाटे फुटीर आमदारांनी विरोधकांसह मतदान केले आणि सरकार कोसळले. 28 मे रोजी झालेल्या निवडणुकीत फुटीर गटाचा विधानसभेत एकच आमदार टिकला, तो रिचमंडचा फ्रँक स्कली. डिसेंबरमध्ये केंद्राची निवडणूक झाली तेव्हा सातही खासदार पडले आणि यारा मतदारसंघात केऑन यांना, एकेकाळी पोलिसात असलेले आणि नंतर अर्थशास्त्राचे अध्यापक झालेले जिम केर्न्स यांनी थोडक्या मतांनी हरवले. हे सारे ‘आर्गस’च्या स्तंभांतून दिवसागणिक वाचता येते.

दुसरा कंदील म्हणजे ‘कॅनबेरा टाइम्स’, जे 1995 पर्यंत उपलब्ध आहे. क्वीन्सलँडमध्ये प्रीमियर व्हिन्स गेअर यांची 24 एप्रिल 1957 रोजी, कामगारांना तीन आठवड्यांची पगारी रजा देण्याच्या वादात, पक्षातून हकालपट्टी झाली. त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि 3 ऑगस्टच्या निवडणुकीत दोन्ही मजूर गट मिळून हरले. तिथल्या स्थानिक वृत्तपत्रांचा आधार या वर्षासाठी ‘ट्रोव्ह’वर नाही, त्यामुळे हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या ब्रिस्बेनमधील घडामोडी राजधानीच्या दैनिकातून वाचाव्या लागतात. राजधानीचा बातमीदार राज्याच्या राजकारणाकडे नेहमीच थोड्या कंटाळलेल्या नजरेने पाहतो. वाचताना तेवढी वजावट करावी. या निवडणुकीशी जोडलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. व्हिक्टोरियात फुटीने ज्यांचे सरकार घालवले ते जॉन केन तिथे प्रचारासाठी गेले होते आणि निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी टाउन्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले.

ही तिसरी फूट का टिकली, याचे उत्तर ‘कॅनबेरा टाइम्स’च्या निकालाच्या तक्त्यांत आहे, आणि ते समजण्यासाठी मतदानाची पद्धत माहीत हवी. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत जशी पसंतीक्रमाने मते दिली जातात, तशीच इथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी प्रत्येक मतदाराने सर्व उमेदवारांना क्रमांक द्यायचे असतात. फुटीर गटाचा 1957 पासून डेमोक्रॅटिक लेबर पार्टी, म्हणजे डीएलपी, या नावाने वावरणारा पक्ष कनिष्ठ सभागृहात एकही जागा जिंकत नव्हता. परंतु 1958 आणि 1961 मध्ये त्याला देशभरात 8-9 टक्क्यांच्या आसपास पहिल्या पसंतीची मते मिळाली आणि त्याचे मतदार दुसरी पसंती मोठ्या प्रमाणावर मजूर पक्षाचा मुख्य विरोधक असलेल्या लिबरल पक्षाला देत. एरवी असा पक्ष दोन-तीन निवडणुकांत विरून गेला असता. इथे त्याला स्वतः जिंकण्याची गरजच नव्हती, मजूर पक्षाला जिंकू न देणे एवढे एकच काम पुरेसे होते, आणि ते काम या मतदानपद्धतीत 8 टक्क्यांतही होते. 9 डिसेंबर 1961 च्या निवडणुकीत लिबरल पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांचे सरकार अवघ्या एका जागेच्या बहुमताने वाचले. 1969 मध्ये मजूर पक्षाचे नेते गॉफ व्हिटलम यांच्या बाजूने मोठा कल असूनही सत्ता हुकली. 1949 मध्ये गेलेली केंद्रातील सत्ता मजूर पक्षाला 2 डिसेंबर 1972 रोजी परत मिळाली. व्हिक्टोरियात ती 1982 मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, त्याच जॉन केन यांच्या त्याच नावाच्या मुलाने परत आणली. आणि क्वीन्सलँडला त्यासाठी 1989 उजाडावे लागले. न्यू साउथ वेल्समध्ये प्रीमियर जोसेफ कॅहिल आणि सिडनीचे कार्डिनल गिलरॉय या दोघांनीही फूट टाळण्याकडे कल ठेवला आणि तिथे पक्ष 1965 पर्यंत सत्तेवर राहिला.

आकडे आणि मतपद्धती यांनी निम्मीच गोष्ट कळते. 1931 चा वाद व्याजदराचा होता. 1955 चा वाद रविवारी चर्चमध्ये कोण कोणाशेजारी बसतो इथपर्यंत पोहोचला. आर्थर कॅलवेल हे मेलबर्नचे निष्ठावान कॅथलिक पक्षातच राहिले, 1960 मध्ये पक्षनेतेही झाले, परंतु मॅनिक्स यांच्याशी असलेला त्यांचा जुना स्नेह कायमचा तुटला. ‘ट्रोव्ह’वर हा पैलू बातम्यांपेक्षा वाचकांच्या पत्रांत अधिक दिसतो आणि ही पत्रे शोधण्यासाठी संयम लागतो. दुसऱ्या टोकाचा आवाज ऐकायचा तर कम्युनिस्ट पक्षाचे ‘ट्रिब्यून’ 1991 पर्यंत उपलब्ध आहे, आणि कॅथलिक गटांविषयी त्याला जराही सहानुभूती नसल्यामुळे ‘ॲडव्होकेट’चे 1954 पर्यंतचे अंक वाचून झाल्यावर ते उघडणे हा एक चांगला व्यायाम आहे.

पुढचे परिणामही वाचता येतात. डीएलपीच्या कॅथलिक मतदारांना धरून ठेवण्याच्या गणितातून मेन्झीस यांनी 1963 मध्ये खासगी शाळांना विज्ञान प्रयोगशाळांसाठी सरकारी मदत जाहीर केली, आणि धार्मिक शाळांना सार्वजनिक पैसा हा या देशातील वादाचा विषय तेव्हापासून वेगळ्याच वाटेला लागला. फुटीनंतर व्हिक्टोरियाची शाखा डाव्यांच्या हाती इतकी घट्ट गेली की 1970 मध्ये राष्ट्रीय कार्यकारिणीला हस्तक्षेप करून ती बरखास्त करावी लागली. 1974 मध्ये व्हिटलम यांनी, तोवर डीएलपीचे सिनेटर झालेल्या जुन्या गेअर यांना आयर्लंडचे राजदूतपद देऊ केले, त्यावरून उडालेल्या गोंधळानंतर मे महिन्यातील निवडणुकीत डीएलपीचे सर्व सिनेटर पडले. परंतु तिच्या बाजूला गेलेल्या उजव्या कामगार संघटना 1985 मध्ये व्हिक्टोरियाच्या मजूर पक्षात परतल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर जुने हिशेबही परतले. पक्षातील डावे आणि उजवे गट आजही ज्या रेषेवर उभे असतात, ती रेषा बऱ्याच अंशी 1955 मध्ये आखलेली आहे. ‘ट्रोव्ह’मध्ये जतन केलेल्या जुन्या संकेतस्थळांचाही विभाग असल्यामुळे 1996 नंतरच्या काळासाठी पक्षांची जुनी संकेतपाने तिथे पाहता येतात. 2010 मध्ये व्हिक्टोरियातून जॉन मॅडिगन हे डीएलपीच्या नावावर सिनेटवर निवडून आले, हे वाचताना केऑन यांच्या पराभवाची ‘आर्गस’मधील बातमी दुसऱ्या खिडकीत उघडी ठेवावी.

आता सेवेच्या वापराविषयी. लेख उघडल्यावर डावीकडे यंत्राने वाचलेला मजकूर आणि उजवीकडे मूळ पानाचे छायाचित्र दिसते. जुन्या छपाईत, विशेषतः फिकट शाईच्या साप्ताहिकांत, यंत्राचे वाचन अडखळते, आणि शोध त्या वाचनावरच चालत असल्यामुळे जे यंत्राला वाचता आले नाही ते शोधातही सापडत नाही. यावर ‘ट्रोव्ह’ने काढलेला तोडगा मला विशेष आवडतो: कोणीही वाचक ओळ दुरुस्त करू शकतो आणि स्वयंसेवकांनी अशा कोट्यवधी ओळी आजवर दुरुस्त केल्या आहेत. मुख्य दैनिकांचा मजकूर त्यामुळे बराच स्वच्छ झाला आहे. कामगार चळवळीच्या मुखपत्रांच्या वाट्याला हे हात कमी येतात, कारण पणजोबांचे नाव त्यांत क्वचितच असते. मी आठवड्यातून एखादी संध्याकाळ ‘लेबर कॉल’च्या 1916 च्या अंकांवर घालवतो. नेमून दिलेले काम नाही, तपासणारा कोणी नाही, आणि तरीही हाताला सवय लागते.

भारतीय वाचकाने एका गोष्टीची तयारी ठेवावी. ही मुखपत्रे सक्तीच्या भरतीविरुद्ध, सावकारांविरुद्ध आणि कारखानदारांविरुद्ध जितक्या तळमळीने लिहितात, तितक्याच सहजतेने ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या, म्हणजे गोरे नसलेल्यांना देशात स्थायिक होऊ न देण्याच्या, धोरणाचे समर्थन करतात. ते धोरण पक्षाच्या कार्यक्रमातून 1965 मध्ये वगळले गेले. पक्षाच्या ज्या दोन बाजूंनी एकमेकांचे तोंड पाहणे सोडले होते, त्यांचे या एका बाबतीत 1916 मध्येही एकमत होते आणि 1931 मध्येही. ‘ट्रोव्ह’ जुना मजकूर जसाच्या तसा दाखवते. तसेच हवे.

वाचण्यासाठी शुल्क नाही, नावनोंदणीही लागत नाही. ती फक्त स्वतःच्या याद्या बनवणे अशा कामांसाठी हवी. पान उतरवून घेता येते आणि प्रत्येक लेखाला कायमचा दुवा असतो. 2020 मध्ये सेवेची मांडणी बदलली, तीत वृत्तपत्रांचा विभाग इतर विभागांच्या रांगेत बसवला आहे. राजकीय इतिहासासाठी येणाऱ्याने पहिल्या पानावर न रेंगाळता थेट वृत्तपत्रांच्या प्रगत शोधात जावे. पैशाचा प्रश्न मात्र गंभीर होता. 2023 च्या मध्यानंतर सेवा चालवण्यासाठी निधी उरणार नाही, असे ग्रंथालयाला सांगावे लागले होते. वाचकांनी आणि अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सरकारने चार वर्षांसाठी 3.3 कोटी डॉलर आणि त्यापुढे दरवर्षी 92 लाख डॉलरची तरतूद जाहीर केली. ती तरतूद करणारे सरकार मजूर पक्षाचे होते.

पहिल्या दोन फुटींसाठी मी ‘ट्रोव्ह’ला पाचपैकी पाच गुण देईन आणि तिसरीसाठी तीन. मेलबर्नमध्ये राहणाऱ्यांना उरलेले दोन गुण पायी मिळवता येतात: 1955 नंतरच्या ‘एज’च्या सूक्ष्मपटांसाठी स्वान्स्टन स्ट्रीटवरील राज्य ग्रंथालयात जावे, सुरुवात 20 एप्रिल 1955 च्या अंकापासून करावी आणि त्याच दिवसाचा ‘आर्गस’ आधी घरी वाचून जावे.